बर्फातला म्हातारा

आई सिनेमा सांगायला लागली की शेजारच्यांनाही कळायचं काय चाललंय ते.

‘‘ती बाई खिडकीपाशी गेली बगा. लई वाळलीय, पोटाला खात न्हाय वाटतं. मागं तिचा नवरा बसलाय तोंड पाडून.’’

‘‘अगं, नवरा नाही, भाऊ आहे तो. आत्ताच म्हणाला ना!’’ सोफ्याच्या कोपऱ्यातून अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील.

‘‘भाऊ व्हय? तरीच म्हटलं, एवढं गप ऐकून घेतोय.’’

अण्णांनी टेंभुर्णीच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर सोलापुरात घर बांधलं. कॉलेजात असताना मॉर्निंग शोला बघितलेले जुने ब्रिटिश सिनेमे त्यांच्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत. त्यांच्या डीव्हीडी निघायला लागल्या तशी मी पुण्याहून एकेक पाठवत राहिले. मी स्वतः त्यातले निम्मेसुद्धा बघितले नव्हते. मला झोप येते त्या सिनेमांत, खोटं कशाला बोलू.

मग साखरेनं अण्णांचे डोळे गेले. थोडंफार नाही, पुरतेच गेले. डीव्हीडी कपाटात, वर्तमानपत्र बंद, फिरायला जाणं बंद. जेवायला बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. एकदा मला फोनवर म्हणाले, ‘‘मी गेलो तर तुझी आई तरी सुटेल.’’ आई तिथंच उभी असणार, आमच्या घरात फोनवरचं बोलणं कधी खाजगी नसतंच. ‘‘असलं अभद्र बोलायचं नाही हं, सांगून ठेवते!’’ असं ओरडून मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले.

आईनं मात्र रडण्याबिडण्यात वेळ घालवला नाही. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि तोवर एक सिनेमाही तिनं पूर्ण बघितला नव्हता. एका दुपारी तिनं कपाटातली हाताला लागेल ती डीव्हीडी काढून लावली. अण्णा चिडले. ‘‘माझी चेष्टा करतेस काय?’’

‘‘कान तर शाबूत हायत की तुमचे? इंग्रजी तुमी ऐका. बगायचं काम माझं.’’

तेव्हापासून त्यांचा तो कार्यक्रमच झाला. दुपारचा चहा, शेंगदाणे आणि सिनेमा. तो काय बोलला ते अण्णा तिला सांगणार, तो कसा दिसला ते ती अण्णांना सांगणार. भांडणं तर विचारू नका.

दोघांचा सगळ्यात आवडता सिनेमा एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा. काळापांढरा, सगळा डोंगरात काढलेला. बायको मेलेली, पोरं शहरात गेलेली, आता आपलं कुणाला काही काम नाही असं त्या म्हाताऱ्याच्या मनानं घेतलंय. आईला त्यातलं एकही मेंढरू पसंत नव्हतं. ‘‘कातरायची कवाची झाल्यात, हे बसलंय विचार करत!’’ कुत्रं मात्र गुणाचं, असं तिचं मत होतं. शेवटी बर्फ पडत असताना म्हातारा एकटाच घरातून निघतो. तिथं कुणी काही बोलत नाही, नुसतं संगीत आहे. तेवढा भाग सगळा आईच्या भरवशावर.

‘‘निघाला. टोपी घातली. फाटकापाशी गेला... थांबला. वळला बगा! कुत्रं आलं पळत. आला घरात.’’

‘‘का वळला असेल गं?’’ अण्णांनी पहिल्यांदा विचारलं होतं म्हणे.

‘‘मेंढरं टाकून माणूस जातोय व्हय कुटं?’’

त्या संध्याकाळी अण्णांनी स्वतःहून भाकरी मागितली. हे आईनं मला फोनवर तीनतीनदा सांगितलं.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याच सिनेमाची नव्यानं साफसूफ करून काढलेली डीव्हीडी मला मिळाली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर काय चाललंय ते इंग्रजीतून सांगणारा आवाजही तिच्यात होता. मला तर आभाळ ठेंगणं झालं. रविवारी दुपारी सोलापुरात ती लावली आणि मी आईला म्हटलं, ‘‘आता तुला बडबडायला नको. तो माणूस सगळं सांगतो.’’

‘‘बरं झालं की. माझा घसा वाचला,’’ आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं शेंगाची चटणी कुटल्याचा आवाज यायला लागला. जरा जोरातच कुटत होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो आवाज शांत, सुरेख होता. कोण कुठं उभा आहे, कुणी काय उचललं, सगळं बरोबर. अण्णा मान हलवत ऐकत होते. मग शेवट आला. म्हातारा टोपी घालतो, आवाज सांगत होता. फाटक उघडतो. चालत राहतो. तो मागे वळून पाहत नाही. बर्फात त्याची पावलं बुजतात. कुत्रं फाटकात बसून राहतं.

म्हणजे म्हातारा वळतच नव्हता. मी अण्णांकडे बघितलं, तर ते गालात हसत होते.

‘‘मला माहीत होतं,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘कसं?’’

‘‘बुटांचा आवाज येतो की. लांब लांब जातो, परत येत नाही. आणि कुत्रं शेवटपर्यंत रडतंय.’’

‘‘मग आईला बोलला का नाहीत?’’

‘‘पहिल्यांदा रागच आला. आंधळ्याला फसवते म्हणून. पण ‘वळला’ म्हणताना तिचा आवाज कापत होता. ती त्या म्हाताऱ्याचं सांगत नव्हती गं.’’

अण्णांनी हात हलवला. ‘‘बंद कर त्याला. हाक मार तिला.’’

आई पदराला हात पुसत आली. ‘‘काय झालं? बिगडलं व्हय?’’

‘‘त्याला मेंढरांतलं काही कळत नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘शेवट परत लाव म्हटलंय हिला. तू सांग.’’

आई बसली. खूश झाली होती, पण दाखवेल तर शपथ. मी तो आवाज काढून टाकला आणि शेवट लावला. संगीत सुरू झालं.

‘‘निघाला,’’ आई म्हणाली. ‘‘टोपी घातली. फाटकापाशी गेला...’’ आणि दर वेळेसारखी श्वास घ्यायला थांबली.

‘‘वळला,’’ अण्णा म्हणाले.

आईनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. पडद्यावर म्हातारा पार लांब, टिकलीएवढा झाला होता.

‘‘आं?’’

‘‘वळला ना? मेंढरं टाकून कुठं जातोय तो.’’ अण्णांनी चाचपडत तिचा हात धरला. चटणीचा लाल हात.

आई त्यांच्याकडेच बघत राहिली. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘वळला. आलाय घरात.’’