हक्कसोडीवर सही केली आणि भावानं तापास खाऊ घातले

मैत्रिणींनो, सकाळपासून काहीच वाटत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज रजिस्ट्री ऑफिसात जाऊन मी हक्कसोड पत्रावर सही केली. वडिलांच्या वेरूळकडच्या शेतातला माझा वाटा आता धाकट्या भावाचा, संदीपचा झाला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?" मी "हो" म्हणाले.

बाहेर आल्यावर संदीप म्हणाला, "ताई, तुला ते नवीन स्पॅनिश हॉटेल बघायचं होतं ना? चल, तिथंच जेवू."

टेबलावर तापास आले, म्हणजे थोडं थोडं खायच्या स्पॅनिश पदार्थांच्या छोट्या छोट्या प्लेटा. लसणातले मशरूम, ऑलिव्ह, तिखट टोमॅटो सॉस घातलेल्या बटाट्याच्या फोडी.

"हे तर आपले बटाटेच हायेत की!" तो हसला. मग त्यानं स्वतःहून माझ्यासाठी रेड वाईन मागवली. मी एकदा वाईन प्यायले हे कळल्यावर माझ्याशी महिनाभर न बोललेला हाच भाऊ.

मी सगळं खाल्लं. वाईनही चांगली होती, तेवढं कळत होतं.

"ताई, नाराज नाय ना?"

"नाही रे."

खोटं बोलले नाही. नाराजी नव्हती, आनंद नव्हता, काहीच नव्हतं. शेवटची फोड माझ्या प्लेटमध्ये वाढता वाढता संदीपच एकदम रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, "असू दे रे" म्हणाले.

तुमच्यापैकी ज्यांनी अशी सही केलीय त्यांना विचारते. तुम्हाला रडू कधी आलं? आलं का?