चैत्रातला तलाव आणि मी जाळलेली वाट

लोक प्रवासात छत्री विसरतात, पिशवी हरवतात. मी एका माणसाची परतीची वाट चुलीत घालून जाळली. तीही भाकरी भाजायला, आणि ती भाकरी एका बाजूनं कच्चीच राहिली. वय तेवीस. मॅट्रिक पास झाल्याचा माज असा, की जे कळत नाही त्यात आधी हात घालायचा आणि मग विचारायचं. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बयेची टिंगल करायला मला आजही फार आवडतं. पण ही हकिकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तेव्हा आम्ही औरंगाबादेत, पडेगावला दोन खोल्यांत राहत होतो. आमच्या ह्यांना गळ टाकायचा नाद. रविवारी खाम नदीच्या डबक्याशी दिवसभर बसायचे आणि संध्याकाळी नाक लाल करून, रिकाम्या पिशवीनं घरी यायचे. मासळीबाजारात त्यांची ओळख झाली कचरू भोयाशी. देवगाव रंगारीच्या पुढं एका तलावावर तो जाळी टाकायचा. "चैतात या सायब," तो ह्यांना म्हणाला होता, "पानी उतरलं की मासा जाईल कुठं? डोहातच गोळा व्हतो." गुढीपाडवा झाला आणि ह्यांनी रजा टाकली. मी म्हटलं, मीपण येणार. मी वैजापूरची, कांद्याच्या वखारींच्या गल्लीत वाढलेली. पाणी म्हणजे माझ्या लेखी रांजणातलं. तलाव मी लांबून, एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलेला. पण म्हणाले ना, माज.

सकाळची एस.टी. पडेगावच्या थांब्यावर हात केल्यावर थांबली. दौलताबादचा किल्ला डावीकडं मागं पडला, वेरूळचा घाट उतरला, आणि पुढं नुसती उन्हानं पांढरी झालेली रानं. देवगाव रंगारीला उतरलो तेव्हा चप्पल डांबराला चिकटत होती. तिथून एका बैलगाडीनं तलावापर्यंत. गाडीवान म्हणाला, "मासे धरायला शहरातनं आलात व्हय? इथल्या मान्साला तर उन्हात ढोरं धरवंना." हे हसले, मी तोंड फिरवलं.

पोलीस ॲक्शननंतर सरकारनं तिथल्या ओढ्यावर बांध घातला आणि मधली जुनी वस्ती उठवून वर आणली, असं गाडीवानानं सांगितलं. बांधावर चढून पाहिलं तर माझी निराशाच झाली. मला वाटलं होतं निळंशार पाणी. हे तर भल्या मोठ्या परातीत तळाशी उरलेलं ताक. रांजणात पाणी उतरल्याच्या रेघा दिसतात, तशा काठाला एकाखाली एक रेघा. काठापासून पाण्यापर्यंत दीड-दोन फर्लांग नुसता गाळ, वर वाळून चिरा पडलेला, पापडासारखा. त्यावर बगळे चालत होते. बगळे चालतात म्हणजे जमीन घट्ट आहे, असा मी मनातल्या मनात निकाल दिला.

कचरू चाळिशीचा, काटकुळा, एक डोळा सतत बारीक केलेला. बायको गयाबाई त्याच्याहून उंच आणि निम्मं बोलणारी. बांधाच्या टोकाशी, काठावर त्यांचं खोपटं. रात्री खोपटाबाहेर बाजेवर बसवून कचरूनं आमच्या ह्यांची शिकवणी घेतली. चैत्रात मासा पहाटे वर येतो, ऊन चढलं की पुन्हा तळाशी. मरळ गवतात पिलं राखत बसते, ती या दिवसांत धरायची नाही, पिलं कावळे नेतात. जाळं सूर्य डोक्यावर यायच्या आत उचलायचं, नाहीतर मासा जाळ्यातच शिजतो. "आन दुपारचं वारं बघायचं. पछिमेकडनं धूळ उठली की गप पानी सोडायचं."

"तेवढा लहान तलाव, तिथं वाऱ्यानं काय होतंय?" मी विचारलं.

"पानी लहान हाय, वैनी," कचरू म्हणाला. "गाळ लहान नाय."

मी जांभई दिली. लक्षात ठेवण्यासारखं कोणी सांगत असलं की मला तेव्हा हमखास जांभई यायची.

पहाटे हे दोघं कधी गेले ते मला कळलंही नाही. जाग आली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं आणि पार मध्ये पाण्यावर दोन ठिपके दिसत होते. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांवर बांबूची ताटी बांधून केलेला तराफा, त्याला इकडं चप्पू म्हणतात. त्यावर दोघं बसलेले. गयाबाईनं मला ज्वारीचं पीठ काढून दिलं. "म्या झऱ्यावरनं पानी आनते. लांब हाय. बांधामागं बाभळीचं सरपन पडलंय, तेवढं गोळा करून चूल पेटवा. जमंल नव्हं?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. घरी मी रॉकेलचा स्टोव्ह पेटवायची.

बाभळीच्या दोन काटक्या उचलल्या तोच बोटात काटा गेला. सरपणाला रामराम केला आणि इकडंतिकडं पाहिलं. काठापासून पाण्याच्या दिशेनं तुराट्यांची (तुरीच्या वाळलेल्या काड्यांची) एक रांग गाळात रोवलेली. सरळ, कोरड्या, बोटाएवढ्या जाड. मला वाटलं, उतरत्या पाण्यामागं लोक काकडी-टरबुजाचे वेल लावतात, त्यांतलीच कुणाची तरी जळून गेलेली वाडी. वेल राहिले नाहीत, काड्या उरल्या. कुणाच्या कामाच्या? मी पदर खोचला आणि रांगेच्या बाजूनं चालत गेले. घोट्यापर्यंत मऊ गाळ आणि त्याखाली टणक. पार शेवटच्या काडीपर्यंत गेले, आणि येताना एकेक उपटत आले. मोजल्या नाहीत, पण काखेत मावेनात एवढ्या झाल्या. कुठं पाय घसरला नाही की रुतला नाही. केवढी मी हुशार!

सूर्य डोक्यावर आला होता. चूल भडभडा पेटली होती. पहिली भाकरी तव्यावर होती तेव्हा गयाबाई घागर घेऊन आली. तिनं चुलीकडं पाहिलं.

"ह्या तुराट्या कुठनं आनल्या?"

"त्या काय, गाळात उभ्या होत्या. कुणाच्या तरी वाडीतल्या."

तिनं डोक्यावरची घागर उतरवली. इतकी सावकाश, की थेंब सांडला नाही. मग तव्यासकट चूल पायानं उधळली. जळत्या काड्या हातानं ओढून मातीत विझवल्या. शाबूत निघाल्या सात.

"वाट व्हती ती," ती म्हणाली. "बांधाआधीची गाडीवाट. मुरूम घातलेली. तिच्यावर गाळ ईतभर. दोन्ही अंगाला मान्साच्या वर. दर फागुनात पानी उतरतं तसं ते पायानं चाचपतेत आन काड्या रोवतेत."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझे केस तोंडावर आले. वारा उठला होता. पश्चिमेकडं रान दिसेनासं झालं, मातकट भिंत चालत यावी तशी धूळ आली आणि ऊन हळदीसारखं पिवळं पडलं. पाण्यावरचा चप्पू गोल गोल फिरत काठाकडं लोटला जात होता. बांधाकडं वल्हवून येणं वाऱ्याविरुद्ध. उतरायची जागा एकच, वाटेचं टोक, आणि त्या टोकाची खूण माझ्या चुलीत.

आम्ही काठाशी पोचलो तेव्हा कचरू चप्पूवरून उतरत होता. पाय लांब करून चाचपताना दिसला. एक पाय, मग दुसरा. मग तो एकदम बुटका झाला.

कमरेपर्यंत. ओरडला नाही. आमचे हे मात्र चप्पूवरून ओरडत होते, वारा ते शब्द दुसरीकडंच नेत होता. कचरूनं वल्हं आडवं धरून त्यावर छाती टेकली होती. हे त्याला ओढायला जात, तसा चप्पू उलटू पाही. कचरू हातानंच त्यांना सांगत होता, हलू नका.

मी धावणार तोच गयाबाईनं माझी वेणी धरली. हो, वेणीच. "कुठं पळता? मधी वाट वळती. वळनावर वस्तीची जुनी हीर हाय, गाळानं भरलेली. त्यात गेल्या तर हाडं घावायची नायत."

"मग तुम्ही पुढं व्हा!"

"मला वळन ठाव नाय. म्या काड्या बघून जायाची. तुमी उपटल्या, तुमालाच ठावं. भोकं असतील. बसा खाली, हुडका."

मी गुडघ्यांवर बसले. काडी उपटलेल्या जागी बोटभर भोक उरतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. पहिलं सापडलं. दुसरं सापडलं. गयाबाई माझ्यामागं, खांद्यावर जाळ्याचा दोर, आणि अधूनमधून त्या सातांतली एक काडी भोकात परत रोवत होती. डोळ्यांत धूळ जात होती म्हणून मी डोळे मिटून, तळहातानं गाळ पुसत पुढं सरकत होते. आयुष्यात मी देवघरसुद्धा इतक्या निगुतीनं पुसलं नसेल. पुढं पुढं भोकांत पाणी भरलेलं, तिथं करंगळी घालून बघायची. खाली टणक लागलं तर वाट. नाही लागलं तर खेकड्याचं बीळ.

मध्ये एक भोक सापडेचना. समोर चाचपलं, उजवीकडं चाचपलं. डावीकडं हात टेकला आणि तो कोपरापर्यंत आत गेला. थंडगार. वर चैत्राचं ऊन आणि आत पौषासारखं थंड. हात आत धरून ठेवल्यासारखा झाला. ओढला तर बांगड्या आतच राहिल्या.

"हीर," मागून गयाबाई म्हणाली. "उजवीकडं हुडका."

"उजवीकडं बघितलं."

"पुन्हा बघा."

पुन्हा बघितलं. भोक होतं, मी आधी त्यावरच गुडघा टेकून बसले होते.

टोकाला पोचलो तेव्हा कचरू छातीपर्यंत गेला होता. आमच्यापासून दोन हात लांब, एवढाच काय तो चुकला होता. त्याची मान वर होती आणि तो श्वास मोजून घेतल्यासारखा घेत होता, कारण श्वास सोडला की गाळ ती जागा घेत होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं त्याच्याकडं. गयाबाई पालथी पडली, दोर त्याच्या काखांतून घातला, मी तिच्या पायांवर बसले. ह्यांनी चप्पू रेटून त्याच्या पाठीशी आणला. ओढायचं, थांबायचं. ओढायचं, थांबायचं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी गाळानं मोठा, ओंगळ आवाज करून त्याला सोडलं. त्याचं धोतर आतच राहिलं. आम्ही चौघं त्या वाटेवर गाळाचे गोळे होऊन पडलो होतो, आणि कचरू सगळ्यात आधी बोलला.

"वैनी, तिकडं बघा जरा. म्या नागवा हाय."

मी हसले. आणि हसता हसता अशी रडू लागले की ह्यांना वाटलं मला साप चावला.

संध्याकाळी वारा पडल्यावर ह्यांनी विचारलं, "पण काड्या गेल्या कुठं? पहाटे तर सगळ्या होत्या." कचरूही माझ्याकडं पाहू लागला. आता तुम्हाला वाटत असेल, मी तिथं खरं सांगितलं. छे! मी म्हटलं, "म्हशी आल्या होत्या. सगळ्या तुडवून गेल्या." गयाबाई कालवण ढवळत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा फिरू लागला. जाळ्यात वाम सापडली होती, तिचं झणझणीत कालवण झालं होतं. सगळे जेवले. मी ताटाला हात लावला नाही, आणि ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, हिला तिखट सोसत नाही.

रात्रभर बाजेवर पडून मी हाताला हात चोळत होते. कोपरापर्यंतचा तो गारवा जाईना. पहाटे उठून पाहिलं तर कचरू काठाशी नव्या तुराट्या घेऊन उभा. एक पाय पुढं, चाचपायचं, रोवायचं. कालच्याच ठिकाणी. गयाबाई काठावरून बघत होती, तो टोकाला जाऊन परत येईपर्यंत ती जागची हलली नाही.

देवगावला मासे विकायचे म्हणून ती पाटी घेऊन आमच्याबरोबर एस.टी.पर्यंत आली. पडेगावला मी दुपारी घरी पोचले, स्टोव्ह पेटवला आणि त्याच्यापुढं तशीच बसून राहिले. पुढं मी पुष्कळ हिंडले. नर्मदा पाहिली, काश्मीरच्या सरोवरात वसंतातलं वितळलेलं पाणी पाहिलं, तिथल्या शिकारा नावेत लोक गाणी म्हणत होते आणि मी काठाला कुठं काठी रोवलेली दिसते का ते शोधत होते. ह्यांना मी म्हशींचीच गोष्ट शेवटपर्यंत खरी वाटू दिली. आता हे नाहीत, म्हणून लिहिते आहे. आजवर नवी जागा पाहिली की मी आधी विचारते, मग हात लावते. नातवंडं म्हणतात आजी भित्री आहे. आहेच.

परतीच्या त्या दिवशी देवगावच्या थांब्यावर हे गाडीत पुढं कंडक्टरकडं तिकिटं काढायला गेले होते. मी खिडकीशी बसले. गयाबाई पाटी डोक्यावर घेऊन खिडकीखाली आली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. तिनं आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "काल माझा मानूस गाळात गेला असता, तर तुमी आज ह्याच गाडीनं घरी गेल्या असत्या, बाई. म्या कुठल्या गाडीत बसले असते?"