समोरचा उजेड

येरवड्यापलीकडे नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा मला तिथल्या एकीत नोकरी लागली. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या नळांची आणि वॉशबेसिनची चित्रं आम्ही कॉम्प्युटरवर तयार करायचो. वस्तू पडद्यावर सपाटच असते. छटा नीट दिल्या की ती गोल, खोल, फुगीर वाटायला लागते. डोळा उजेड वरूनच येणार असं धरून चालतो, म्हणून वरच्या बाजूला सावली असेल तर खड्डा दिसतो आणि खालच्या बाजूला असेल तर फुगवटा. हे मला इतकं आवडलं की सरावासाठी मी घरच्या आप्पेपात्राचं चित्र केलं आणि त्याचा प्रिंट आईला दाखवायला आणला.

घरी मी फारशी बोलत नसे. त्या दिवशी बोलले. कागद उलटा धरला तर आप्प्यांचे खड्डे टेंगळांसारखे वर आले. आईनं तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

"आणि उजेड समोरून आला तर?"

"तर सावलीच पडत नाही. नुसती कड दिसते."

"म्हणजे खड्डा दिसतच नाही?"

ती माझ्या डाव्या गालाकडे बघत होती. तिथे लहानपणीच्या कांजिण्यांचे खड्डे आहेत. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

स्थळांसाठी काढायचा फोटो तिनं त्याच आठवड्यात नव्यानं काढायला लावला. स्टुडिओवाल्याला म्हणाली, "अहो, बाजूचा दिवा बंद करा. समोरचा मोठा लावा." फोटोत माझा गाल कागदासारखा आला. बाबांनी तो स्कॅन करून एका स्थळाला ईमेलनं पाठवला. पत्रिका आधीच जुळली होती. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता आणि सुट्टीवर आला होता. मलाही, खरं सांगायचं तर, त्याची ईमेलं आवडली होती. त्यानं माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बिबवेवाडीतल्या आमच्या हॉलला दोन खिडक्या. आईनं कार्यक्रम दुपारी चारचा ठरवला आणि माझी खुर्ची मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर ठेवली. मी पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवून तिथे बसणार, तेवढ्यात मुलाची आत्या म्हणाली, "इकडे ये गं, माझ्याशेजारी बस. मला लांबचं ऐकू येत नाही."

तिच्या शेजारची जागा छोट्या खिडकीला लागून होती. ऊन डावीकडून तिरकं येत होतं.

"अहो, तिथे ऊन लागेल तिला," आई घाईनं म्हणाली.

"लागू दे की! लोण्याची आहे का?" आत्या हसली. सगळे हसले.

मी बसले. गालावर ऊन चढलेलं जाणवत होतं. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग पोह्यांकडे पाहिलं.

"फोटो स्टुडिओतला होता का?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

कामाबद्दल त्यानं काही विचारलं नाही. आत्याच मायेनं विचारत राहिली.

फोन आला तो पत्रिका जुळत नसल्याचा.

"जुळली होती की," बाबा म्हणाले. "चार दिवसांत मंगळ हलला वाटतं. बरा हलका ग्रह आहे."

दुसऱ्या दिवशी आईनं छोट्या खिडकीला जाड पडदा लावला. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून मला हाक मारली. "तुला यातलं कळतं ना? मग सांग त्यांना, ट्यूब कुठे लावायची. पुढच्या रविवारी नाशिकचे लोक येणारेत."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. ऑफिसात जशी सांगते तशी नेमकी जागा सांगितली. सोफ्यासमोरची भिंत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. बाजूचं काही चालू ठेवायचं नाही.

ट्यूब लागली तशी आई सोफ्यावर माझ्या जागी जाऊन बसली आणि मला समोर उभं केलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालचे खळगे, इतके दिवस न झोपल्याच्या खुणा, सगळं पुसलं गेलं. चेहऱ्याची कड तेवढी उरली.

"दिसतं का काही?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

ती समाधानानं उठली आणि इलेक्ट्रिशियनसाठी चहा टाकायला गेली.