अडीच पौंडांचं रिव्हॉल्वर

सहापैकी पाच गोळ्या खडूच्या वर्तुळात होत्या. सहावी मातीच्या भिंतीत कुठेतरी गेली होती. हिंगोलीच्या चांदमारीवर, म्हणजे पोलिसांच्या नेमबाजीच्या मैदानावर, माझी टेस्ट चालू होती. अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे पोलीस अधिकारी, खूष होऊन म्हणाले, "बाई, आमच्या शिपायांपेक्षा बरं मारलंत तुम्ही."

माझ्यामागे उभे असलेले उस्मानखान जमादार मात्र खूष नव्हते. ते फौजेतून पेन्शनीत आलेले. मला नेमबाजी त्यांनीच शिकवली होती. ते म्हणाले, "मारलं बराबर. आता हे घेऊन फिरणार कशा, ते सांगा."

मी सरकारी दवाखान्यात नर्स-मिडवाइफ होते. सेनगावपासून कुरुंदा-डोंगरकड्यापर्यंत बाळंतपणाचे कॉल माझ्याकडे. मी दमणीतून, म्हणजे कमानीच्या छपराच्या बैलगाडीतून जायची, सोबत गाडीवान. निजामाचं राज्य होतं आणि रस्त्यावर लूटमार वाढली होती. माझ्या वाटेवरच एका व्यापाऱ्याची गाडी लुटली गेली, तेव्हा अमीनसाहेबांनी हुकूम काढला: बाईंनी हत्यार बाळगायचं आणि ते चालवता येतं हे दाखवायचं. नाहीतर दौरा बंद.

टेस्टच्या आधी माझ्यासमोर दोन रिव्हॉल्वर ठेवली होती. एक ठाण्याचं, लांब नळीचं. दुसरं जमादारांचं स्वतःचं, त्यांच्या फौजेतल्या साहेबाने जाताना दिलेलं, तळहाताएवढं. मला वजन कळल्याशिवाय कशावर बोलता येत नाही. लेकरं तोलायचा स्प्रिंगचा काटा मी बॅगेतून काढला, त्याच्या झोळीत एकेक हत्यार ठेवलं. मोठं जवळपास अडीच पौंड भरलं. सातव्या महिन्यात आलेलं लेकरू साधारण तेवढं भरतं. छोटं पौंडाच्या जरा वर.

"या अल्ला!" जमादार म्हणाले. "बाईंनी माझ्या हत्याराचं बारसंच केलं!"

वजनाचा फायदा काय, ते सांगते. गोळी सुटली की हत्यार मागे झटका देतं. हत्यार जड असेल तर तो झटका ते स्वतःच खातं, हाताला थोडाच लागतो. नळी लांब असली की नेम धरायलाही सोपं. म्हणून चांदमारीवर मोठं रिव्हॉल्वर एखाद्या शांत बैलासारखं वागतं. छोटं लाथ मारतं. मी मोठं घेतलं. टेस्ट पास झाले, लायसन मिळालं.

जमादार एवढंच म्हणाले, "चांदमारीवर तुम्ही घटकाभर उभ्या असता. दौऱ्यावर दिवसभर बसता, उठता, वाकता. बघू."

पहिल्या दौऱ्याला रिव्हॉल्वर कमरेच्या पट्ट्याला होतं. पट्टा एका बाजूला ओघळला, लुगडंही त्याबरोबर. बाळंतिणीजवळ वाकले की नळी मांडीत रुतायची. पुढच्या दौऱ्याला ते खांद्यावरच्या पिशवीत गेलं आणि दुपारपर्यंत मान धरली. मग औषधांच्या बॅगेत. बॅग आधीच जड, म्हणून शेवटी ते दमणीत, बैठकीखालच्या कडब्यात गेलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी शहाणपणाची सोय करून राहिले आहे.

सेनगावहून परतताना कयाधू नदीच्या अलीकडे दोन माणसं झुडपांतून एकदम रस्त्यावर आली. खांद्यावर घोंगडी, हातात काठ्या. बैल थबकले. मी बैठकीवरून उठले, बैठक उचलली, तिच्यावरची बॅग गडगडली, आणि मी कडबा उपसायला लागले. हाताला बॅगेतून सांडलेला वजनाचा काटा लागला, बाटली लागली. रिव्हॉल्वर काही लागेना.

तोवर पुढचा माणूस चाकाशी येऊन उभा होता.

"बाई, काय हुडकून राहिल्या?" त्याने विचारलं. "आमी लावू का हात?"

तो मारोती धनगर. सोबत त्याचा भाऊ. सकाळपासून माझी गाडी गाठायला बसले होते. मारोतीची बायको सोजर हिची आधीची दोन्ही लेकरं बाळंतपणातच गेली होती. आता तिसरं, दिवस भरत आलेले. मी तिच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर गेले, पोटावरून हात फिरवून पाहिलं. लेकरू आडवं होतं. असं लेकरू आपोआप बाहेर येत नाही. कुणी फिरवलं नाही तर आई आणि लेकरू दोघंही जातात. मी ते बाहेरून हळूहळू फिरवलं. पण ते पुन्हा आडवं होणार नाही याची खात्री नव्हती.

"कळा लागल्या की लगेच माणूस पाठवा," मी म्हणाले. "मी येते."

"नक्की ना बाई?" सोजरने माझं मनगट धरलं. "मागच्या टायमाला कोणी आलंच न्हाई."

"येते म्हटलं ना."

हिंगोलीत परतल्यावर मी झालेलं सगळं जमादारांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हत्यार गाडीत ठेवता तर लायसन गाडीच्या नावावर करून घ्या. बैल तरी चालवतील."

मी सरळ अमीनसाहेबांकडे गेले. म्हटलं, मोठं अंगावर राहत नाही, छोट्याचं लायसन द्या. ते म्हणाले, "मग छोट्यावर टेस्ट द्या." मी दिली. पाचपैकी एक गोळी वर्तुळात. बाकीच्या भिंतीवर वाटेल तिथे. प्रत्येक गोळीला हात वर उडत होता, आणि उडणार हे ठाऊक असल्याने मी आधीच दचकत होते.

अमीनसाहेबांनी मान हलवली. "बाई, मोठं तुमच्या अंगावर राहत नाही. छोट्याने तुमचा नेम लागत नाही. उद्या काही झालं तर मी वर काय जबाब देऊ? पुढची टेस्ट पास होईपर्यंत दौरा बंद."

माझ्या डोळ्यांसमोर सोजरने धरलेलं मनगट होतं.

जमादारांनी मला दवाखान्याच्या मागच्या ओसरीत उभं केलं. छोटं रिव्हॉल्वर रिकामं केलं, मला दाखवलं, पुन्हा तपासलं. नळीवर वर्दीचं पितळी बटण ठेवलं. "चाप ओढा. बटण पडलं नाही पाहिजे." ते पडत राहिलं. त्यांच्या बोलण्यात कधी घाई आली नाही. "बाई, तुम्ही लेकराचं डोकं असं ओढता का? हळू. त्याला कळू न देता." हे मला समजलं. रोज काम संपलं की मी ओसरीत उभी राहायची. बटण पडेनासं झालं तेव्हा ते म्हणाले, "आता दुसरी गोष्ट. हे लांबून मारायचं हत्यार नव्हेच. गाडीपाशी आलेल्या माणसासाठी आहे."

"मग टेस्ट लांबून का?"

"ते मला काहून विचारता? अमीनसाहेबांना विचारा."

मी विचारलं. "साहेब, मला लुटायला येणारा माणूस त्या खडूच्या वर्तुळापाशी उभा राहून वाट बघणार आहे का? टेस्ट दमणीत बसून घ्या."

"कायदा चांदमारीचा आहे, बाई."

"एकदा तुम्ही बसून बघा."

दुसरा एखादा अधिकारी चिडला असता. अमीनसाहेब गाडीत चढले. कमरेला त्यांचं लांब नळीचं रिव्हॉल्वर. मी म्हटलं, "काढा." नळी मांडीखाली अडकली. ते तिरके झाले, तर डोक्यावरची कमान टोपीला लागली आणि टोपी खाली बैलांपाशी पडली. जमादार अदबीने आकाशाकडे बघत राहिले. अमीनसाहेब इतके हसले की बैलांनी कान टवकारले.

"बाईंचं म्हणणं बराबर आहे," ते म्हणाले. "मातीचं एक पोतं चाकापासून दोन हातांवर उभं करा."

मी बैठकीवर बसले. छोटं रिव्हॉल्वर डाव्या कुशीला, पदराखाली, जमादारांनी चांभाराकडून शिवून घेतलेल्या चपट्या खोळीत होतं. पदर सरकवला, काढलं, हळू चाप ओढला. पाच गोळ्यांचं हत्यार. पाचही पोत्यात. अमीनसाहेबांनी तिथेच, गाडीच्या फळीवर कागद ठेवून सही केली.

त्याच आठवड्यात मारोतीचा भाऊ आला. धापा टाकत होता. "बाई, चला. कळा सुरू झाल्या."

लेकरू पुन्हा आडवंच होतं. दोन कळांच्या मधे ते मी सरळ केलं आणि पोटाला पट्टी बांधून तसंच धरून ठेवलं. सोजरने ओरडण्यात दम घालवला नाही. मी थांब म्हटलं की थांबायची, जोर दे म्हटलं की द्यायची. इतकी समजदार बाळंतीण मी फार कमी पाहिली. दिवस मावळायच्या आत पोरगं बाहेर आलं, निळसर. पाठ चोळली, तोंड साफ केलं, आणि ते मेंढराच्या कोकरासारखं ओरडलं.

मी काटा काढला. झोळीत ते सव्वासहा पौंड भरलं.

सोजरची सासू माझ्याकडे टक लावून बघत होती. "बाई, तुमच्या कुशीला ते काय हाय? वाकल्या की वर येऊन राहिलं."

मी हात लावून पाहिला. रिव्हॉल्वर होतं. सकाळी बांधलं होतं. दमणीत बसले, उतरले, सोजरजवळ दिवसभर उकिडवी होते, आणि ते अंगावर आहे हे मी पार विसरले होते.

हिंगोलीत आल्यावर हे जमादारांना सांगितलं. आपल्याला रागावतील असं मला वाटलं होतं.

"विसरलात?" ते म्हणाले. "मग आता पास झालात."

मोठं रिव्हॉल्वर मी ठाण्यात परत केलं. चांदमारीवर ते अजूनही चांगलंच म्हणेन. पण हत्याराचं वजन काट्यावर कळत नाही. ते संध्याकाळी कळतं, पट्टा सोडताना.