चर्चच्या दाराशी काढलेले बूट

पत्नी गेल्यानंतर आठ महिने माझ्याकडून नमस्कार झाला नव्हता. डोंबिवलीच्या घरातली पूजा मी थांबवली नव्हती. देवांना स्नान घालत होतो, फूल वाहत होतो; पण नमस्काराशी आलो की हात तिथेच थांबत. ठाण्याच्या रुग्णालयात तिच्या उशाशी बसून जे मागितलं होतं, ते मिळालं नव्हतं. राग नव्हता. बोलणं संपलं होतं, इतकंच.

मुलीने मला जर्मनीत, रेगेन्सबुर्गला, बोलावून घेतलं. डॅन्यूबकाठचं जुनं शहर. तिथला दगडी पूल, अरुंद गल्ल्या, शतकांपूर्वीचे मनोरे मी पुस्तक वाचावं तसे पाहत होतो. आवडत होतं, आत पोहोचत नव्हतं.

त्या सकाळी बर्फ वितळून रस्त्यावर चिखल झाला होता. मुलगी एका दुकानात गेली आणि मी शेजारच्या लहानशा चर्चमधून ऑर्गनचे सूर आले म्हणून आत शिरलो. उंबऱ्यापाशी सवयीने बूट काढले, ओले मोजे त्यात कोंबले आणि मागच्या बाकावर बसलो. वादकाचा सराव चालला होता. एकाच जागी तो चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून धरायचा. किती वेळ गेला, कळलं नाही.

मुलगी शोधत आली. "बाबा, बूट कुठेत तुमचे?"

"दाराशी काढलेत."

"चर्चमध्ये कोणी बूट काढतं का हो! हे काय आपलं गणपतीचं देऊळ आहे?" ती बाहेर डोकावून आली. "घ्या, गेले! फिरा आता अनवाणी."

"गेले ना? म्हणजे देऊळच की," मी म्हणालो.

तेवढ्यात चर्चची झाडलोट करणाऱ्या एक वृद्ध बाई आतल्या खोलीतून माझे बूट घेऊन आल्या. मुलीशी जर्मनमध्ये काही बोलल्या.

"ओले होते म्हणून हीटरपाशी ठेवले, म्हणतायत," मुलीने सांगितलं. "अनवाणी आलेला माणूस काही लवकर उठायचा नाही, असं वाटलं त्यांना."

मी मोजे चढवून पाय घातले. बूट आतून उबदार होते. बंद बांधायला वाकलो, आणि डोकं वर येईना. बाई समोरच उभ्या होत्या.

याला कोणी साधं सौजन्य म्हणेल. मी वाद घालणार नाही. नमस्कार मी केला नाही, तो झाला. मागितलेलं मिळालं नाही, हे आजही तसंच आहे. पण न मागता कोणी माझे ओले बूट उचलून नेले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. असं माझ्या पाठीमागे आणखी काय काय झालं असेल, ते मी आता विचारत नाही. वाकतो, एवढंच.