पोकळ बेस, भरीव बेस

राजापेठेतल्या हरिहरचं घराणं भिक्षुकीचं. वडील घरोघर पूजा सांगायचे, आणि हा पठ्ठ्या अकोल्याच्या ओमप्रकाशच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा! १९६६ साल ते. अमरावतीत अर्ध्या लोकांना बेस म्हणजे खर्जातली गिटार, हेच ठाऊक नव्हतं.

त्याची गिटार पोकळ पोटाची. तार छेडली की सूर गोल, ऊबदार निघे आणि लगेच विरे. त्याच सुरावर त्याने नाव कमावलं. तिचा अवगुण एकच. स्पीकरसमोर धरली, की कोणी हात न लावता ती आपोआप घुमायला लागे, आणि मग कानठळ्या बसत. म्हणून हरिहर नेहमी बाजूला उभा राहायचा.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. वर्षभरापासून त्याचे कान जात होते. आधी देवघरातली घंटी गेली, मग दारावरच्या भाजीवालीची हाक. त्याची बायको अनुपमा आताशा समोर येऊन उभी राही, तेव्हाच बोले. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. माणसांशी तो ओठ पाहून निभावून नेई. आणि गिटार? ती पोटाशी धरली की पोकळ लाकूड थरथरे, सूर बरगड्यांना कळे. तेवढ्यावर बिचाऱ्याचं चाललं होतं. ते गेलं असतं तर सगळंच गेलं असतं.

त्या आषाढात ओमप्रकाशने मुंबईहून भरीव बेस आणली. अख्खं लाकूड, पाटासारखं. कापसाच्या गोदामात तालीम होती. हरिहरने नव्या गिटारीची तार ओढली. बरगड्यांना जेमतेम मुंगी चावल्यासारखं झालं. बाकीचे मात्र माना डोलवत होते.

"काय दम हाये हिच्यात!" ड्रमवाला किसनराव म्हणाला. "सूर तुटूनच नाई राहिला. आवाज कितीबी वाढवा, घुमत नाई."

हरिहरने ती झटकन खाली ठेवली. "छे! कोरडी आहे. माझीत जीव आहे, जीव!"

"तुया कानाइतका कोनाचाच कान नाई ना?" ओमप्रकाश हसला. "मंग पाठ करून बस. किसनराव दोनी वाजवते. कोनती कोनती ते सांग. वळखलं त तुयी पोकळच ठेवू. नाई त उद्यापासून हे नवी."

नाही म्हणावं कसं? दोनच तर आहेत, अंदाजाने सांगू, पायाखालच्या फळ्यांतून काहीतरी कळेलच, असं त्याने मनाशी धरलं. घाईघाईत त्याने आपली गिटार, तिच्या अ‍ॅम्प्लिफायर मशीनला जोडलेल्या वायरसकट, स्पीकरच्या पेटीला टेकवून ठेवली. किसनरावने त्या मशीनचा आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागे.

ओमप्रकाशने त्याला कापसाच्या बोऱ्यांच्या थप्पीवर बसवलं. खाली मऊ कापूस, पाय अधांतरी. आणि भिंतीकडे तोंड केल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपल्याला कोणी काही विचारलं तर कळणार कसं? अरे देवा!

तो थांबला. पुष्कळ थांबला. छपरातून मांडीवर धूळ पडली, ती त्याने झटकली. मानेवरून घाम ओघळला. मुद्दाम छळतात की काय? शेवटी त्याला राहवेना.

"अरे, सुरू करा ना बे! कवाचा बसलो आहे मी!" तो ओरडला आणि वळला.

सगळ्यांनी कानांवर हात गच्च दाबले होते. छपराचे पत्रे थरथरत होते. पेटीला टेकवलेल्या त्याच्या गिटारीच्या तारा कोणी हात न लावता अशा हलत होत्या की दिसेनाशा झाल्या होत्या. किसनराव बटणाकडे धावला.

तारा स्थिर झाल्या. ओमप्रकाशने कानांवरचे हात काढले. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तो हरिहरपुढे येऊन उभा राहिला, अगदी अनुपमा राहायची तसा, आणि तोंड मोठं करून एकेक शब्द सुटा बोलला, "हरिहर, कवापासून?"