दाजींनी धाडलेली पत्रिका

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आमच्या दाजींनी हलवून न पाहिलेली कडी शिल्लक असेल, असे मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लष्करात बिनतारी संदेशांच्या कामावर असत, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नंतर साताऱ्यात दोन कॉम्प्युटरांचा क्लास चालवू लागले. त्यांना स्वस्थ बसलेले मी क्वचितच पाहिले. जेवतानाही एक गुडघा उभा आणि त्यावर डाव्या हाताची बोटे वाजत असत. लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा सांगलीला आमच्या घरी आले, तेव्हा आई पुढचे दार उघडायला गेली. बाहेर कोणी नाही म्हणून परतते, तो जावई स्वयंपाकघरात उभा. "मामी, मागली कडी लय भोळी हाय. काडी घातली की सलाम करती." आईने त्याच आठवड्यात सुतार बोलावला आणि जावयाबद्दलचे मत वर्षभर राखून ठेवले. पुढे एका कचेरीतल्या तक्रारपेटीत त्यांनी पिकलेला पेरू टाकला. वास सुटेपर्यंत पेटी कोणी उघडली नाही. साहेबांनी जाब विचारला, तेव्हा दाजी म्हणाले, "आवं साहेब, फट ठेवलीया, तर आत काय पडतंय ते कुणीतरी बघाय नगं?"

हा प्रश्न त्यांनी पुढे ज्या ठिकाणी विचारला, तिथे तो विचारायला नको होता, असे बहीण अजून म्हणते. नव्वदचे दशक संपत आले होते. दाजींची मुलगी अनुजा पुण्यात नोकरीला होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होती. पाटणच्या एका कॉम्प्युटर इंजिनिअर मुलाशी तिचे जमत आले होते. मुलाचे काका एका वधू-वर मंडळाचे अध्यक्ष होते आणि मंडळाची वेबसाइट त्या मुलानेच तयार केलेली होती. स्थळ नोंदवताना त्या वेबसाइटवर फोटो आणि पत्रिका पाठवायची सोय होती. फोटो, पत्रिका सर्वांना दिसत. पत्ते आणि फोन नंबर मात्र मंडळाकडेच राहत. मुलाने सुरुवातीला ठरावीक प्रकारच्याच फायली घेतल्या जातील अशी व्यवस्था केली होती. पण प्रत्येक ज्योतिष्याचा कॉम्प्युटर वेगळा, त्याची फाइल वेगळी. वेबसाइट काही पत्रिका नाकारू लागली आणि पालक हवालदिल झाले. पत्रिका परत येणे म्हणजे नकार, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. इथे तर स्थळ दाखवण्याआधीच नकार येत होता. काकांनी हुकूम काढला, कुणाचीही पत्रिका परत पाठवायची नाही. मुलाने तपासणी काढून टाकली. येईल ती फाइल, वेबसाइटचे प्रोग्राम जिथे होते त्याच फोल्डरमध्ये जाऊन पडू लागली.

दाजी अनुजाची पत्रिका पाठवायला बसले आणि फट त्यांना दिसली. त्यांनी पत्रिकेच्या जागी चार ओळींचा एक प्रोग्राम पाठवला. तो ठेवून घेतला गेला. उघडताच वेबसाइटने तो वाचून दाखवला नाही, चालवला. सगळ्या मुलींचे पत्ते आणि फोन नंबर पडद्यावर उतरले. दाजींनी पाठवले ते चार ओळींचे होते. दुसऱ्या कोणी कसलाही प्रोग्राम पाठवला असता तरी तो तसाच चालला असता.

बहिणीने बजावले, "सुपारी फुटेस्तोवर तोंड उघडायचं न्हाई." दाजी म्हणाले, "चहा झाला की पोराला बाजूला घेतो. पुरावा तिथंच ठेवलाय." साताऱ्याहून पाटणला जाताना जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी तीनदा काच वरखाली केली. "गड्या, ह्या घटकेला पोरींचे पत्ते कोण बी वाचत आसंल रं," एवढेच ते दोनदा म्हणाले.

चहा यायच्या आधीच काकांनी कॉम्प्युटर सुरू केला. पाहुण्यांना कौतुक दाखवायचे होते. "सूनबाईंचीच पत्रिका उघडूया," म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबले. नावांमागून नावे येऊ लागली. चौथे की पाचवे नाव अनुजाचे होते, वसतिगृहाच्या पत्त्यासह.

"ह्यो काय परकार?" काकांनी विचारले.

"पत्रिका न्हाई ती. पोग्राम हाय. मीच धाडलाय."

"म्हंजी सोयरीक जुळवाय आला आन् घर फोडलंसा?"

"फोडाय कडी तर पायजे, आवं!"

बहिणीने पदर तोंडाला लावला. मुलगा पडद्याकडे पाहत होता. कानापर्यंत लाल झाला होता. त्याने हळूच विचारले, "कधीपासून असं आहे?"

"तुमी तपासणी काढल्यापासनं."

मुलाने तिथेच बसून पत्रिका घेण्याची सोय बंद केली. सुपारी ताटात तशीच राहिली. काकांनी दारापर्यंत येऊन हात जोडले, त्या हात जोडण्याचा अर्थ सर्वांना कळला.

संध्याकाळी साताऱ्याच्या घरातून दाजींनी अनुजाला फोन लावला. घडले ते त्यांनी काहीही न वगळता, अहवाल द्यावा तसे सांगितले. पलीकडून तिने विचारले, "अण्णा, माझा पत्ता होता त्यात?"

"व्हता."

"आणि बाकीच्या मुलींचे?"

"समद्यांचे."

"मग बरं केलंत."

थोडे थांबून तिने आणखी काहीतरी विचारले. ते मला ऐकू आले नाही. दाजी म्हणाले, "न्हाई बाळ, त्यो न्हाई काय बोलला. त्यानं लगीच बंद केलं मात्र. चांगला हाय पोरगा." तिने फोन ठेवला असावा. रिसीव्हर कानाला तसाच धरून ते बराच वेळ उभे राहिले, एकाच जागी.